भिंतीवरचे भाडेकरू

९ जानेवारी

ताई,

तुझं पाकीट मिळालं. घरच्या पत्त्यावर न पाठवता तू ते हॉटेलवर पाठवलंस, आणि मी ते रिसेप्शनच्या काउंटरवर, दोन पाहुणे समोर उभे असताना उघडलं. आतून चार फोटो निघाले. त्यातल्या एकात आठ पायांचा, नख्या असलेला, तोंडाच्या जागी नुसतं भोक असलेला कसला तरी राक्षस. मागे तुझ्या अक्षरात लिहिलेलं, 'आपल्या घरामागच्या भिंतीवरून.' पाहुण्या बाईंनी आधी फोटोकडे पाहिलं, मग माझ्या छातीवरच्या बिल्ल्याकडे. त्या बिल्ल्यावर 'स्वच्छता विभाग प्रमुख' असं लिहिलेलं असतं.

सोबत बोटभर उंचीचा, मोबाईलला चिमट्याने लावायचा मायक्रोस्कोप आणि एक कागदाची पुडी. पुडीत वाळका पाला. ती मी तिथेच काउंटरवर टाकली आणि कचऱ्यात घाल म्हणून रिसेप्शनच्या मुलीला सांगितलं. मायक्रोस्कोप माझ्या टेबलाच्या खणात पडलाय. तो परत हवा असेल तर सांग.

आता मुद्द्याचं. आई रोज सकाळी त्याच भिंतीजवळ खुर्ची टाकून बसते, हे तूच मला सांगितलंस. त्या भिंतीवरून गळका पाइप जातो, शेवाळ आहे, ओल आहे, आणि आता हे प्राणी. वय बघ तिचं. मी इथे रोज चारशे चादरी उलटसुलट करून बघते, एक केस सापडला तरी पोरींना परत पाठवते, आणि माझी स्वतःची आई असल्या घाणीत बसते. मार्च लागला की मी तिला माझ्याकडे आणणार. खोली तयार करायला घेतली आहे. यावर मला वाद नको आहे.

आणि फोन उचलत जा.

तुझी धाकटी

१६ जानेवारी

धाकटे,

फोन मी मुद्दाम उचलत नाही. फोनवर तू निम्मं माझ्याशी बोलतेस आणि निम्मं 'तिसऱ्या मजल्यावरचे टॉवेल कुठे गेले' हे दुसऱ्या कुणाशी तरी. पत्रात तुला माझं वाक्य पुरं होईपर्यंत थांबावं लागतं.

तो राक्षस खसखशीच्या दाण्यापेक्षाही लहान आहे. त्याला पाणअस्वल म्हणतात. तो चावत नाही, रोग पसरवत नाही, अंथरुणात येत नाही. शेवाळातल्या पाण्याच्या थेंबात हळूहळू चालतो, एवढाच त्याचा उद्योग. तुझ्या हॉटेलच्या दारात बाहेरच्या बाजूला शेवाळाचा एक ठिपका जरी असेल तरी त्यातही असेल. अर्थात तुझ्या राज्यात तो ठिपका जिवंत राहिला असेल तर.

दिवसभर मी चष्म्याच्या दुकानात लोकांना 'हे बरं दिसतं की हे' असं विचारत असते. तुला मी एक गोष्ट बघायला पाठवली आणि तू ती बघितलीच नाहीस. पुडीतला पाला फेकायला सांगितलास हे वाचून मला राग आला. ते त्याच भिंतीवरचं वाळवलेलं शेवाळ होतं, बशीत भिजवून मायक्रोस्कोपखाली धरायचं होतं. तेवढं तरी करायचंस.

आई तुझ्याकडे येणार की नाही हे तू ठरवून टाकलंस. छान. पुढच्या आठवड्यात तिच्या दुसऱ्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन आहे, त्यासाठी आम्ही तीन दिवस मोठ्या हॉस्पिटलला जातोय. नंतर बोलू. किल्ली शेजारच्या काकूंकडे असेल, पाण्याची टाकी बघायला.

ताई

२४ जानेवारी
(स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवलेली चिठ्ठी)

ताई, आई,

तुम्ही दार उघडाल तेव्हा मी परतीच्या गाडीत असेन. काकूंकडून किल्ली घेतली. माझ्या खात्यातली चार माणसं घेऊन आले होते, दोन दिवस राबलो. आता घरात फिरून बघा.

मोरीच्या फरश्या पहिल्यांदाच आपल्या खऱ्या रंगात दिसतील. गळका पाइप बदलला. आणि ती मागची भिंत: तारेच्या ब्रशने घासली, अॅसिडने धुतली, वाळल्यावर बुरशी न धरणाऱ्या पांढऱ्या रंगाचे दोन हात दिले. आता तिथे काही उगवायची हिंमत करणार नाही.

ताई, वरवर मला टोमणे मारलेस, पण मनातून तुला पटलं होतं हे मला भिंत बघून कळलं. तू खडूने गोल करून ठेवले होतेस. आमच्याकडे पण हीच पद्धत आहे, मी मजल्यावर फिरताना डाग दिसला की खडूचा गोल करते आणि मागून येणाऱ्या पोरी तिथे जास्त घासतात. एवढे गोल पाहून मी म्हटलं, चला, बहीण कामाला लागली. प्रत्येक गोल आम्ही दोनदा घासला. एकही सोडला नाही.

आईचा डोळा कसा आहे ते कळवा. मार्चची खोली तयार आहे.

धाकटी

२६ जानेवारी

धाकटे,

तू काय केलंस हे तुला कुणीतरी सांगायला हवं, आणि ते मलाच करावं लागतंय.

आई गाडीतून उतरली. एका डोळ्यावर पट्टी होती. घरात चप्पल काढायला सुद्धा थांबली नाही, सरळ मागच्या दाराने बाहेर गेली. भिंतीपाशी उभी राहिली. मग हात लावला. रंग अजून पुरता वाळला नव्हता, बोटांना लागला. तिने बोटं पाहिली, आत आली, हात धुतले आणि खोलीत जाऊन दार लावून घेतलं. तेव्हापासून तिच्या तोंडाला कुलूप आहे. जेवण वाढलं की जेवते, औषध दिलं की घेते. माझ्याकडे बघत सुद्धा नाही.

ते फोटो मी काढलेले नव्हते. आईने काढलेत, सगळे. गेल्या वर्षी दुकानात तो मायक्रोस्कोप विकायला आला, मी एक तिच्यासाठी आणला. बाबा गेल्यापासून सकाळी उठायला तिला कारण उरलं नव्हतं. पहिल्या दिवशी तिने मिठाचा खडा पाहिला, दुसऱ्या दिवशी स्वतःच्या साडीचा धागा, आणि तिसऱ्या दिवशी भिंतीवरचं शेवाळ भिजवून त्याचा थेंब काचेवर घेतला. त्यानंतर मला घरात चहा मिळेनासा झाला.

तिचे हात थरथरतात हे तुला माहीत आहे. ती उशीवर कोपर ठेवते, पालथ्या घातलेल्या डब्यावर मोबाईल टेकवते, श्वास धरते आणि मग बटण दाबते. शंभरातले नव्व्याण्णव फोटो हलतात. उरलेला एक मी तुला पाठवला होता, तो तुझा 'राक्षस'.

आणि ते खडूचे गोल. तिची रीत अशी की ज्या जागेचा थेंब, त्याच जागेला परत. फोटो झाला की काचेवरचं पाणी ती पुन्हा तिथेच सोडून यायची. जागा चुकू नये म्हणून शेवाळाची चिमटी घेतलेल्या प्रत्येक जागेभोवती गोल. त्यांना ती खोल्या म्हणायची, आणि आत राहणाऱ्यांना भाडेकरू. एका खोलीत 'गिरणीवाली' होती, तिच्या तोंडाशी दोन चक्रं फिरायची. एकीत नुसते दोऱ्यासारखे वळवळणारे. तू एकेक खोली शोधून काढलीस आणि दोनदा घासलीस. अजून वर लिहितेस, एकही सोडला नाही.

तुझ्या पांढऱ्या भिंतीकडे बघितलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. फोन करू नकोस. काकूंच्या फोनवर सुद्धा नको.

ताई

३ फेब्रुवारी

ताई,

तुझं पत्र मी तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा मला तुझाच राग आला.

मला कुणी सांगितलं होतं? 'आपल्या घरामागच्या भिंतीवरून' एवढंच लिहिलं होतंस. 'आईने काढलाय' हे दोन शब्द लिहायला तुझी शाई संपली होती का? मी भिंत घासायच्या आधी दहा वेळा विचार केला असता. तो फोटो फ्रेम करून लावला असता. आईच्या आयुष्यात वर्षभर एवढं काहीतरी चालू होतं आणि मला फक्त रक्तदाब किती आणि गोळ्या संपल्या का एवढंच कळत होतं. तुम्ही दोघींनी मिळून मला बाहेर ठेवलंत, आणि आता मी बाहेरून आल्यासारखी वागले म्हणून माझ्यावर ओरडतेस.

तू तिथे राहतेस म्हणून तू चांगली मुलगी. मी दोन दिवस गुडघ्यावर बसून मोरी घासली तेव्हा मी कोण होते? मला दुसरं काय येतं, ताई? कुणी आवडलं की मी त्याचं घर साफ करते. चार माणसांची रजा मी माझ्या खात्यातून घातली, हात अजून अॅसिडने सोललेले आहेत. हे मी ऐकवत नाहीये. हो, ऐकवतेय.

झालं ते झालं. भिंत परत आणता येणार नाही. आता तर तिथे तिच्यासाठी काही उरलेलं नाही, असं तुझंच म्हणणं आहे. मग तिला माझ्याकडे येऊ दे. एक तारखेला गाडी घेऊन येते. तिला तयार ठेव.

धाकटी

११ फेब्रुवारी

धाकटे,

का नाही सांगितलं ते ऐक. आईनेच सांगू नको म्हटलं होतं. काकांच्या मुलीच्या लग्नात ती मोबाईल उलटा धरून फोटो काढत होती, आठवतं? तू सगळ्यांना हाक मारून दाखवलंस. 'आईचा कॅमेरा बघा, आपल्याच नाकाचा फोटो काढतेय.' सगळे हसले, ती पण हसली. घरी आल्यावर तिने मोबाईल कपाटात ठेवला आणि वर्षभर काढला नाही. तर मायक्रोस्कोप हातात आला तेव्हा ती म्हणाली, धाकटीला कळू देऊ नको, हसेल. मी गप्प बसले. पण फोटो इतके सुंदर होते की राहवलं नाही, म्हणून नाव न लावता पाठवले. तू बघशील, विचारशील कुणी काढले, मग मी सांगेन, असं वाटलं होतं. तू विचारलंस का?

अजून एक ऐक, मुद्दाम सांगते, तुला लागावं म्हणून. त्या आठ पायांच्या अस्वलाचं आईने नाव ठेवलं होतं. ढब्बू. पहिल्यांदा दिसला तेव्हा ती म्हणाली, 'अगदी आपली धाकटी, रांगायला लागली तेव्हाची. तसाच गोल, तसाच हट्टाने एका बाजूला जाणारा.' रोज सकाळी भिंतीपाशी जाऊन ती तुझ्याच त्या लहानपणीच्या नावाने हाक मारायची.

आता तुला हवं ते होतंय. काल मी दुकानातून आले तर आईच्या खाटेखाली बॅग भरून ठेवलेली. मी विचारलं, धाकटीकडे जायचं का? उत्तर नाही. दुपारी मी नसताना बाहेर जाऊन येते, कुठे ते सांगत नाही. काकू म्हणाल्या, चालताना भिंतींकडे बघत होत्या. एवढी वर्षं मी तिच्याजवळ राहिले, पथ्यपाणी केलं, बोलणी खाल्ली, आणि ती एक शब्द न बोलता बॅग भरते. ने तिला. मी अडवणार नाही. मला तुम्हा दोघींचा कंटाळा आलाय.

ताई

१९ फेब्रुवारी

ताई,

मी तुझी माफी मागायला लिहीत नाहीये, आधीच सांगते. ज्या कोणाची मागायची आहे तिची समोर मागेन.

ढब्बूचं वाचलं. लागावं म्हणून लिहिलंस, लागलं.

दुसऱ्या दिवशी कामावर मी पाहुण्यांच्या विसरलेल्या वस्तूंचं कपाट तपासत होते. ते दर महिन्याला मलाच करावं लागतं. छत्र्या, चार्जर, एक दातांची कवळी. आणि एका कप्प्यात एक कागदाची पुडी, वर चिठ्ठी चिकटवलेली: 'वाळका पाला, काउंटरवर सापडला, मालक माहीत नाही.' रिसेप्शनच्या मुलीला बोलावलं. तुला कचऱ्यात टाकायला सांगितलं होतं ना, म्हटलं. ती म्हणाली, 'मॅडम, मला ऐकू आलं नाही, तुम्ही फार चिडला होता. आणि काउंटरवरची वस्तू विचारल्याशिवाय फेकली तर नोकरी जाईल असं तुम्हीच सांगितलंय.' मी तिला ओरडणार होते. मग म्हटलं, जा.

जेवणाच्या सुट्टीत बशी घेतली, पाणी घातलं, खणातला तुझा मायक्रोस्कोप काढला. तासभर काहीच दिसलं नाही. मातीचे कण आणि मेलेल्या पानांचे तुकडे. मी स्वतःला शिव्या देत होते, तुला देत होते, सगळ्या घराला देत होते. सुट्टी संपली म्हणून झाकण ठेवून मी मजल्यावर गेले. संध्याकाळी परत बघितलं. एक सुरकुतलेला दाणा होता, दुपारीही तिथेच होता, तो आता फुगला होता. मग त्यातून एक पाय बाहेर आला. मग दुसरा. मग तो सगळा उठला आणि एका बाजूला चालायला लागला, हट्टाने, तू लिहिलंस तसा.

मी रडले वगैरे नाही. मी दार आतून लावून घेतलं, एवढंच.

त्यानंतर चार दिवस मी तो मायक्रोस्कोप खिशात घालून फिरतेय. माझ्या इमारतीचा जिना, गच्ची, पाण्याच्या टाकीची खालची बाजू, आईसाठी तयार केलेल्या खोलीची बाल्कनी, सगळीकडून पाणी घेऊन पाहिलं. कुठेही काही नाही, ताई. एक सुद्धा नाही. मी माझं काम फार चांगलं करते.

पाला पुन्हा वाळवून पुडी सोबत पाठवतेय. आईला दे. तिच्यासाठी केलेल्या माझ्याकडच्या खोलीचं वर्णन तिला करू नकोस. एक तारखेला मी गाडी घेऊन यायचं की नाही ते तिला विचार आणि तिचेच शब्द लिही. तुझे नकोत.

धाकटी

२५ फेब्रुवारी

चि. थोरली आणि चि. धाकटी,

डोळ्याचा नवा चष्मा अजून यायचा आहे, अक्षर मोठं आहे, सांभाळून घ्या. पत्र दोघींना मिळून एकच आहे. थोरलीने वाचून धाकटीला पाठवावं, आणि पाठवताना स्वतःचं काही जोडू नये.

मी महिनाभर बोलले नाही, त्यावर तुम्ही दोघींनी परस्पर काय काय ठरवलंत ते थोरलीने ठेवलेल्या धाकटीच्या पत्रांत आणि तिच्या स्वतःच्या पत्रांच्या कच्च्या प्रतींत वाचलं. हो, वाचलं. माझ्याबद्दलची पत्रं माझ्याच घरात माझ्यापासून लपवायची काही गरज नव्हती. एक म्हणते आईला धक्का बसलाय. दुसरी म्हणते आईसाठी आता तिथे काही उरलं नाही. मला धक्का बसला नव्हता. मी चिडले होते. तरुण माणूस गप्प बसलं तर लोक म्हणतात रागावलंय, जरा जपून. म्हातारं माणूस गप्प बसलं की म्हणतात खचलंय, त्याला हलवा. मी इतकी चिडले होते की तोंड उघडलं असतं तर तुमच्या दोघींची धडगत नव्हती, म्हणून बंद ठेवलं.

धाकटे, तू माझ्या घराची किल्ली मागून घेतलीस आणि माझी भिंत मला न विचारता घासलीस. घाण दिसली म्हणून घासलीस हे मला समजतं. मी घरात नसताना घासलीस याचा मला राग आहे.

थोरले, तू शहाणपणाचा आव आणू नकोस. माझे फोटो मला न विचारता हॉटेलात पाठवलेस. धाकटीला सांगू नको म्हटलं होतं, ते अर्धं पाळलंस आणि अर्ध्याने हा सगळा गोंधळ झाला. मग तिला लागावं म्हणून ढब्बूची गोष्ट लिहिलीस. ती माझी गोष्ट होती, सांगायची असती तर मी सांगितली असती. आणि खाटेखालची बॅग बघून रडतेस, पण उघडून बघितलीस का? त्यात काचपट्ट्या, ड्रॉपर, टॉर्च, जुना चाकू आणि पाण्याची बाटली आहे. एक साडी आहे ती काचा गुंडाळायला. माझी भिंत गेली तर मी दुसऱ्या भिंती शोधायला जाते. हे यंत्र हातात घेऊन फिरायचंच आहे, असं तूच मला आणून देताना म्हणाली होतीस. पोस्टाच्या मागच्या भिंतीवर चांगलं जाड शेवाळ आहे, तिथे गिरणीवाल्या खूप आहेत. तिथला शिपाई आता मला स्टूल आणून देतो. जुन्या छापखान्याच्या गटाराशी एक जात दिसली, ती मी याआधी पाहिलेली नाही. फोटो हलला, उद्या परत जाणार आहे.

वाहनं बघून जाते. त्यावर पत्रं लिहू नका.

पुडी मिळाली. बशीत घातली. तीन उठले, एक अजून विचारात आहे. धाकटे, तू चार दिवस जिने आणि टाक्या पालथ्या घातल्यास हे वाचून मी एकदा हसले. एकदाच. राग गेलेला नाही.

आता माझे शब्द, जे तुला हवे होते. एक तारखेला गाडी घेऊन ये. मी त्या गाडीत बसणार नाही, मी इथेच राहणार आहे, आणि हा विषय पुन्हा काढायचा नाही. गाडी रिकामी आणू नकोस, तुमच्याकडचे ते तारेचे ब्रश आण, दोन. ढब्बूला त्या रंगावर ठेवता येत नाही, मी काठाला एक थेंब सोडून पाहिला, सगळे आखडून बसले. तो रंग मला निघालेला हवा आहे. अॅसिड न लावता, नुसत्या हाताने. चार माणसं आणायची नाहीत. तू घासशील, थोरली पाणी ओतेल, आणि काम होईपर्यंत दोघी एकमेकींशी बोलाल, कारण मध्ये दुसरं कुणी असणार नाही.

मी खुर्ची टाकून समोर बसणार आहे. कुठून सुरुवात करायची त्याची काळजी नको. मला सगळ्या खोल्या पाठ आहेत. आजच भिंतीपाशी जाऊन निळ्या खडूने गोल करून आले.

गोल दिसेल तिथे दोनदा घासायचं. एकही सोडायचा नाही.

आई